भरवशाचा ड्रायव्हर पाहिजे

नगर जिल्ह्याच्या दूधपट्ट्यात, वजनकाट्याशेजारच्या चहाच्या टपरीवर नाहीतर टायरवाल्याच्या शटरवर, एक कागद बारा महिने चिकटवलेला असतो. ‘दुधाच्या टँकरसाठी भरवशाचा, निर्व्यसनी, अनुभवी ड्रायव्हर पाहिजे. पगार समक्ष.’ खाली मोबाइल नंबर, आणि त्यातला एखादा आकडा चुन्याच्या बोटानं झाकलेला. बोट बहुधा मागच्या निर्व्यसनी उमेदवाराचं असतं.

आमच्या भाच्यानं संगमनेरला असा कागद पाहिला आणि तो थेट माझ्याकडे आला. मी चार ठिकाणी लिहितो, म्हणजे मला अर्ज लिहिता येत असणार, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. मी त्याला चांगला दोन पानी अर्ज लिहून दिला. त्यातलं ‘वाहन चालविण्याची मला बालपणापासून आवड आहे’ हे वाक्य त्यानं स्वतः खोडलं. ‘‘मामा, बालपणी चालवत होतो हे लेखी कशाला देता?’’ म्हणाला.

अर्जाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. टँकरवाल्या शेठनं तो न वाचताच चौघडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. दोन पानं असल्यामुळे टेबल बरोबर बसलं.

कागदोपत्री ही नोकरी फार अवघड नाही. वयाची वीस वर्षं पूर्ण, आधी वर्षभर हलक्या गाडीचं लायसन, मग हेवी. पूर्वी आठवी पास असावं लागायचं. ती अट २०१९ मध्ये गेली आणि आठवीचे दाखले ‘मिळवून’ देणाऱ्या काही सज्जनांना दुसरा धंदा शोधावा लागला. पेट्रोलचा टँकर चालवायचा तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि लायसनवर तशी नोंद लागते. दुधाला असलं काही लागत नाही. कायद्याच्या लेखी दूध हा निरुपद्रवी पदार्थ आहे. कायदा करणाऱ्यांपैकी कुणी मे महिन्यात, भर दुपारी, नापास होऊन परत आलेल्या टँकरचं झाकण उघडलेलं नसावं.

खरी भरती टपरीवर होते. शेठ लोक उमेदवाराबद्दल उमेदवाराला विचारतच नाहीत. टायरवाल्याला विचारतात. टायर कसे झिजलेत यावरून गडी ब्रेकवर नाचतो की डोक्यानं गाडी मारतो हे टायरवाल्याला कळतं. पंपावरच्या पोराला विचारतात, कारण डिझेल टाकीत किती गेलं आणि पावतीवर किती गेलं हे त्यालाच माहीत असतं. ढाबेवाल्याला विचारतात, आणि तो उधारीची वही उघडतो. एवढ्या तीन माणसांनी मान हलवली की माणूस भरवशाचा ठरतो. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळं खातं असतं म्हणे. आमच्याकडे हे खातं चहाच्या दोन कटिंगवर चालतं.

मग शेठची मुलाखत. मी सोबत गेलो होतो, कारण ‘घरचं कुणीतरी मोठं माणूस घेऊन ये’ असा निरोप होता. शेठ तंबाखू मळत होते. मळता मळता त्यांनी पहिला प्रश्न टाकला, ‘‘काही व्यसन?’’

‘‘नाही शेठ.’’

‘‘छान,’’ असं म्हणून त्यांनी बार भरला. त्यामुळे पुढची पाच मिनिटं मुलाखत हातवाऱ्यांनी झाली. लग्न झालंय का, मुलं किती, आईवडील कुणाकडे, शेती बागायत की जिरायत. स्थळ बघायला आल्यावर विचारतात ते सगळं विचारून झालं, फक्त पत्रिका मागायची राहिली. मग थुंकून आले आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला.

‘‘आधी काय भरत होतास?’’

‘‘कांदा. लासलगावचा.’’

शेठ खुर्चीतच मागे सरले. दूध शेजारचा वास लगेच उचलतं, हे दुधाच्या धंद्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. गोठ्यात गाईनं कांद्याची पात खाल्ली तरी सकाळच्या दुधात कळते. भाच्यानं सांगून पाहिलं की कांदा ट्रकमध्ये होता, आपल्या खिशात नव्हता. तरी शेठनं त्याला जवळ बोलावून शर्टाचा वास घेतला. शर्ट नवा होता. त्याला दुकानाचा वास होता. तो चालला.

हा ‘आधी काय भरत होतास’ मला आधी शेठचा चक्रमपणा वाटला. पण खाण्यापिण्याचा पातळ माल वाहणाऱ्या जगभरच्या टाक्यांना हाच प्रश्न विचारतात. जहाजातून येणाऱ्या खाद्यतेलासाठी तर मागच्या फेरीला टाकीत काय होतं याच्या याद्याच असतात. अमुक चालेल, तमुक चालणार नाही. २०२४ मध्ये चीनमध्ये बीजिंगच्या एका वर्तमानपत्रानं छापलं, की कोळशापासून केलेलं इंधन पोचवून येणारे टँकर मधे न धुताच खाद्यतेल भरून निघतात. अख्ख्या देशात बोंब झाली. धुण्याचे पैसे वाचवायचे, एवढंच कारण होतं. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हाही त्या वाघिणी आधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुतल्या गेल्या होत्या. लातूरकर इतके तहानलेले होते की त्यांनी हा प्रश्न विचारला नसता. विचारणारं दुसरं कुणीतरी होतं, हे बरं झालं.

लातूरवरून आठवलं. आमच्या आधी तिथे मराठवाड्यातला एक उमेदवार बसला होता. टँकरचा अनुभव? बारा वर्षं. शेठ खूश. कुठला रूट? तो गावांची नावं सांगू लागला. एकाही गावात डेअरी नव्हती. पाण्याचा टँकर! बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या तालुक्यात टँकर म्हटला की पाणीच, त्याला दुसरं काही भरतात हे सांगावं लागतं. शिवाय त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. ‘‘शेठ, माझ्या टँकरमागं रोज दोनशे बाया हंडे घेऊन पळायच्या. तुमच्या दुधामागं कोण पळतंय?’’ शेठनं त्याला चहा पाजला, पण नोकरी दिली नाही. पाण्याच्या टँकरला गळायची सवय असते, म्हणाले. ती ड्रायव्हरलाही लागते.

ट्रायल चंदनापुरी घाटात झाली. टाकीत पाणी भरलं होतं, तेही अर्धं. हे मुद्दाम. कांदा भरला की बसतो, ऊस बांधता येतो. पातळ माल बसतही नाही आणि बांधताही येत नाही. ड्रायव्हर ब्रेक मारतो, गाडी थांबते, दूध थांबत नाही. ते पुढे येऊन टाकीच्या भिंतीवर आदळतं, मागे जातं आणि विचार बदलून पुन्हा पुढे येतं. सिग्नलला थांबलेली गाडी त्या धक्क्यानं पुढे सरकू शकते. काठोकाठ भरलेल्या टाकीत त्याला हलायला जागा कमी, म्हणून भरलेली गाडी शहाणी असते. अर्धी सगळ्यात वाईट. पेट्रोलच्या टाकीत लाटा मोडायला आत आडव्या भिंती घालतात. दुधाच्या टाकीत जितके कोनेकोपरे तितकी धुण्याची पंचाईत, म्हणून आतून सगळं गुळगुळीत, फार तर कप्पे. लाट मोडायचं काम मग ड्रायव्हरच्या उजव्या पायाकडे येतं.

ट्रायल घ्यायला शेठचा सगळ्यात जुना ड्रायव्हर बसला होता. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा केबिनमध्ये चढले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि चक्क झोपले. मला वाईट वाटलं. पोराच्या पोटापाण्याचा प्रश्न आणि परीक्षक घोरतोय. नंतर क्लीनरनं सांगितलं, परीक्षा हीच. घाट उतरेपर्यंत आबांना जाग आली तर उमेदवार नापास. घाटाखाली भाच्यानंच त्यांना हलवून उठवलं. आबांनी डोळे चोळले, कुठे आलोत ते पाहिलं आणि खिशातून बिडी काढली. तिकडे शेठला फोनवर फक्त एवढं सांगितलं, ‘‘झोप चांगली झाली.’’

झाली एकदाची नोकरी पक्की. शेठनं पाठीवर हात ठेवला, ‘‘हे बघ, वीस हजार लिटर दूध तुझ्या भरवशावर सोडतोय. या धंद्यात विश्वास पहिला.’’ भाच्याचा कंठ दाटून आला. लगेच मुनीम उठला आणि विश्वासाची व्यवस्था लावू लागला.

टाकीच्या वरच्या झाकणाला सील. मागच्या व्हॉल्व्हला सील. सीलचे नंबर चलनावर, चलनाचा फोटो ग्रुपवर. केबिनमध्ये जीपीएस, ढाब्यावर गाडी जास्त वेळ थांबली की शेठच्या फोनवर घंटी. डिझेलच्या टाकीला जाळी. निघताना डेअरीच्या काट्यावर वजन, पोचल्यावर तिथल्या काट्यावर वजन. इथली फॅट आणि एसएनएफ चिठ्ठीवर, तिथली तिथल्या चिठ्ठीवर. आणि सॅम्पलची बाटली वेगळी सील करून बर्फात, कारण टाकीतल्या दुधावरही कुणाचा विश्वास नाही. मी मुनिमाला विचारलं, ‘‘एवढं सगळं असताना भरवशाचा माणूस कशाला लागतो?’’ मुनीम म्हणाला, ‘‘यातलं काही बिघडलं तर कुणाला धरायचं?’’

धरायला कारणं भरपूर असतात. दूध पाण्यापेक्षा जड. लिटरला एक किलो तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वीस हजार लिटर दूध काट्यावर वीस हजार सहाशे किलोच्या आगेमागे भरतं. एका कागदावर लिटर, दुसऱ्यावर किलो, आणि मधल्या सहाशेचा हिशेब अपरात्री ड्रायव्हरला विचारतात. अर्ध्या टाकीतलं दूध खराब रस्त्यावर फार हिंदकळलं तर त्यातली फॅट लोण्याच्या कणांनी सुटते. मग इथे साडेतीन लागलेली फॅट तिथे कमी लागते. फरक गेला कुठे? सील शाबूत, जीपीएस साफ, तरी सगळे बघतात ड्रायव्हरकडे. श्रीकृष्णानंतर लोणी चोरल्याचा आळ इतक्या सहजपणे दुसऱ्या कुणावर आला नसेल.

डेअरीच्या फाटकात दुसरी गंमत. घरी निर्व्यसनी म्हणून पारखून घेतलेल्या ड्रायव्हरच्या दुधात इथे पहिल्याच दारात अल्कोहोल ओततात. थोडं दूध, तितकंच अल्कोहोल. फाटलं तर नापास. मग उकळून बघतात. मग आंबटपणा, मग युरिया, साखर, स्टार्च, मीठ, सोडा, धुण्याची पावडर. माणसाच्या कल्पनाशक्तीला दुधात घालायला जे जे सुचलं त्या प्रत्येकासाठी एक नळी. निळ्या औषधाची एक परीक्षा आहे. निळा रंग जितका वेळ टिकेल तितकं दूध चांगलं, जंतू जास्त असले की भराभर उडतो. हे सगळं होईपर्यंत टँकर रांगेत आणि ड्रायव्हर टँकरच्या सावलीत. भाचा म्हणतो, मामा, माझ्या दहावीच्या निकालाची घरच्यांना इतकी काळजी नव्हती. दूध पास झालं तर श्रेय गाईचं, गवळ्याचं, संघाच्या चेअरमनचं. नापास झालं तर केमिस्ट खिडकीतून पहिला प्रश्न विचारतो, ‘‘ड्रायव्हर कोण आहे?’’

रिकामं झालं की टाकीची अंघोळ. अगोदर पाणी, मग कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी, पुन्हा साधं पाणी, ठरल्या दिवशी नायट्रिक अ‍ॅसिड, शेवटी वाफाळतं पाणी. टाकीच्या आत बसवलेला फवारा चहूबाजूंनी घुसळून काढतो. याला सगळे सीआयपी म्हणतात आणि त्याची रीतसर पावती मिळते. ही पावती नसेल तर पुढचं दूध मिळत नाही. ड्रायव्हरच्या अंघोळीची पावती कुणी मागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण ती ढाब्यामागच्या हौदावर, येईल त्या पाण्यात, बनियन धुता धुताच उरकायची असते. अन्नाची ने-आण करणाऱ्यांनी स्वच्छता राखावी असं अन्नसुरक्षेचा कायदा सांगतो. राखतात, पत्र्याच्या आतल्या बाजूची.

कामाचे तास हा विषय भाच्यानं एकदाच काढला. तेव्हा मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. शेठ म्हणाले, ‘‘मला मान्य आहे. गाईला विचार.’’ गाय सकाळ-संध्याकाळ दूध देते. रविवारी देते, पाडव्याला देते, मतदानाच्या दिवशी देते. कोजागरीला तर सगळ्या महाराष्ट्राला एकाच रात्री दूध आटवायचं असतं, त्यामुळे चंद्र बघायला ड्रायव्हरला काचेतून जेवढा दिसेल तेवढाच. म्हणून जाणकार सांगतात, नोकरी शोधायचीच तर दिवाळीच्या सुमारास शोधा. तेव्हा पुष्टकाळ लागतो, दूध मावत नाही, टँकर कमी पडतात आणि शेठ लोक व्यसनांबद्दल फारसं विचारत नाहीत. उन्हाळ्यात कृशकाळ, गाई आटतात, टँकर उभे राहतात, आणि निर्व्यसनीपणाची अट पुन्हा कडक होते.

एक प्रश्न शेठनं मुलाखतीत विचारला होता तो सांगायचा राहिला. ‘‘आंदोलनात गाडी काढशील का?’’ जून २०१७ चा शेतकरी संप, जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं लिटरला पाच रुपयांसाठी मुंबईचं दूध अडवलं ते; दोन्ही वेळा दूध रस्त्यावर वाहिलं आणि टँकर पोलीस बंदोबस्तात निघाले. या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. हो म्हणावं तर स्वतःच्याच गावात घरावर दगड, नाही म्हणावं तर नोकरी गेली. त्यातून भाच्याच्या घरी चार गाई. म्हणजे अडवणारा तोच आणि अडणाराही तोच. तो म्हणाला, ‘‘शेठ, काढतो. पण फाट्यावर आमचेच दादा उभे असतील, त्यांना तुम्ही फोन करा.’’ शेठना उत्तर आवडलं. त्यांच्याही गाई आहेत. लॉकडाउनमध्ये, २०२० साली, उलटं झालं होतं. अख्खा हायवे मोकळा, काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’, आणि नाक्यावरचे पोलीस हात जोडून वाट देत. आबा त्या दिवसांची आठवण अजून काढतात. तेवढे दिवस, म्हणतात, मला लोकांनी साहेब म्हटलं. ढाबे बंद होते म्हणून जेवण मिळालं नाही, पण साहेब म्हटलं.

भाचा आता रुळला आहे. परवा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला बातमी वाचून दाखवली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. तो म्हणाला, ‘‘बनणाऱ्या, मामा. आमची गाडी कधीची बनून बसलीय.’’ शेठना विचारलंस का, म्हटलं. विचारलं होतं. शेठ म्हणाले, एसी लावला तर ड्रायव्हरला झोप लागते.

‘‘अरे, पण तुझ्या पाठीशी वीस हजार लिटर दूध आहे चार अंशांचं,’’ मी म्हटलं. ‘‘थोडा तरी गारवा लागत असेल.’’

‘‘मलापण वाटलं होतं. वैशाखात गाडी रांगेत उभी होती, केबिनमध्ये बसवत नव्हतं. म्हटलं जरा टाकीला पाठ टेकवू. अंगाला फोड यायचा बाकी राहिला. शेठना सांगितलं, तर काय खूश झाले! मुनिमाला हाक मारून म्हणाले, बघ, इन्सुलेशन एक नंबर आहे. पुढची टाकी याच फॅब्रिकेटरकडून घेऊ.’’